गोदाकाठी उतरवलेला समुद्राचा रंग

पेंटर म्हटलं की लोकांना ब्रश आठवतो. माझ्या हातात मात्र जन्मभर ब्रशपेक्षा पत्ती जास्त राहिली. पत्ती म्हणजे रुंद पात्याचं खरवडायचं हत्यार. ट्रक असो, पाण्याची टाकी असो की कारखान्याची शेड, जुना रंग नीट उतरवल्याशिवाय नवा मारला तर दसऱ्याचा रंग संक्रांतीला पोपडे धरतो. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला वाटतं, उस्मानभाई उगाच दिवस वाढवून राह्यला. नवा रंग सगळे बघतात. खालचं घासणं कुणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचं कौतुक करायला गिऱ्हाईक बांधलेलं नसतं.

तरी एक बाई भेटल्या होत्या. जालन्याच्या मस्तगडात राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्याकडं आईच्या वेळचं लोखंडी कपाट. म्हणाल्या, "ह्याच्या आत कुठंतरी अबोली रंग आहे. आई रोज सकाळी ते कपाट पुसायची. तो रंग मला परत बघायचाय." मी दाराच्या कोपऱ्यात हळूहळू घासत गेलो. राखाडी गेला, मलईसारखा गेला, पिस्ता गेला, चॉकलेटी गेला आणि मंग खालून अबोली निघाला. बाईंनी हात वर केला. "बस! आता थांबा." बाकीचं कपाट तसंच ठेवलं. नायटा झाल्यासारखं दिसत होतं. बाईंनी मात्र बहिणींना बोलावून कपाटासमोर बसवून चहा पाजला, त्यात मलाही. माझ्या धंद्यात खरवडलेल्या जागेची पूजा झाली ती तेवढीच.

हे काम मला शिकवलं आमच्या वस्तादांनी. हात सोन्याचा माणूस. पण ते जुना रंग जाळून काढायचे. ज्योत मारायची, रंग फुगला की पत्ती फिरवायची. काम झटपट व्हायचं आणि धूर सगळा नाकात. कोरडं घासायचे तेव्हा भुकटी मिशीवर साचायची. शेवटी शेवटी त्यांचे हात असे कापायला लागले की चहाचा कप दुसऱ्यानं धरावा लागे. रंगामुळंच झालं असं डॉक्टरांनी कधी ठाम सांगितलं नाही. पण मी त्यांचा कप धरलेला आहे, आणि तेव्हापासून माझ्याकडं एकच कायदा राहिला: जाळायचं न्हाई, ओलं करून घासायचं. ह्या कायद्यापायी माझी काही कामं गेली. गेली तर गेली.

आता सांगतो ते काम जालन्याच्या पेंटरच्या वाट्याला यायचं खरं तर काही कारण नव्हतं. माझा भागीदार भगवान एका सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, "उस्मान, नाव घासायचं काम हाय."

मला वाटलं दुकानाच्या पाटीवरचं नाव. म्हटलं, "पेट्रोल लावून पुसून टाक ना."

"तसलं नाव न्हाई रे. पाण्यातली. नदीवरची नाव."

घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "तैरना आता नै, और चले कश्ती घिसने!" तिचं खरं होतं. आमच्या मोहल्ल्यात टँकरच्या पाण्याला पोहावं लागत नाही.

भानगड अशी होती. घनसावंगी तालुक्यात गोदावरीच्या काठी एक गाव आहे. खाली बंधारा झाल्यापासून तिथं नदीला बारमाही खोल पाणी. गावातल्या बऱ्याच जणांची जमीन पलीकडं, बीड जिल्ह्याच्या बाजूला. पुलावरून जायचं तर मोठा वळसा. म्हणून पार्वतामावशींची नाव. मावशी भोयाच्या घरातल्या. नवरा वारल्यावर त्यांनी स्वतः वल्हं हातात घेतलं, आणि शेतावर जाणाऱ्या बाया, खताची पोती, दुधाचे कॅन सगळं ऐलपैल करत आल्या. त्यांची जुनी पत्र्याची नाव गंजून काठालाच बसली. मंग होतं नव्हतं ते घालून मावशींनी कोकणातून एक जुनी लाकडी होडी घेतली. भगवानचा मेव्हणा जालन्यातून लोखंडी सळ्या घेऊन तिकडं ट्रक नेतो. परत येताना त्याच ट्रकमध्ये होडी आली. सळ्या गेल्या आणि नाव आली, असा तो सौदा.

मावशींना नाव हिरवी पाहिजे होती. गावातल्या पोरांनी हौसेनं हिरवा ऑइलपेंट मारला. आठवड्यात त्याचे पापड निघाले. पुन्हा मारला, पुन्हा पापड. पेरणी तोंडावर आलेली. पाऊस पडला की बायांना कापूस लावायला पलीकडं जायचं होतं. म्हणून भगवानच्या मेव्हण्यानं आम्हाला गाठलं.

आम्ही गेलो तर नाव काठावर पालथी घातलेली. उन्हात तापून राह्यली होती. हिरव्या पापडांच्या खाली विटकरी तांबडा रंग. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागली. असला रंग मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. मी त्याचा एक टवका काडीपेटीत घातला आणि नवीन जालन्यातल्या आमच्या रंगवाल्या शेठजींना दाखवला. त्यांनी तो चष्म्याखाली धरला, त्यांच्या कंपनीच्या माणसाला फोटो पाठवला आणि जरा वेळानं मला म्हणाले, "उस्मानभाई, हा समुद्रातला माल आहे. हात धुवा आधी."

त्यांनी सांगितलं ते असं. समुद्रात नावेच्या बुडाला शिंपले चिकटतात, शेवाळ धरतं. न्हाव्याकडं न गेलेल्या माणसाच्या दाढीसारखं वाढत जातं आणि नाव जड होते. म्हणून बुडाला हा रंग देतात. ह्यात तांबं असतं आणि आणखी काही जहरी माल. तो पाण्यात थोडा थोडा झिजत राहतो, आणि चिकटायला येईल तो जीव मरतो. रंगाचं कामच झिजायचं. मंग त्याच्यावर दुसरा रंग टिकावा कसा? भिंतीवर राख फासून तिच्यावर चुना मारावा, तशातली गत.

मी परत जाऊन मावशींना म्हणालो, "नाव इथून हलवावी लागंल."

"का म्हून?" मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या. उंच बाई, खांदे गड्यासारखे. "आता कुठं नदीपाशी आली. इथंच घासा की."

"मावशी, ह्या रंगात जहर हाय."

"मंग? मी काय चाटणार हाय का त्याला?"

"तुम्ही न्हाई चाटणार. पण घासलेलं सगळं पावसात वाहून नदीत जाईल. गुरं हितंच पाणी पितेत. मासळी हितलीच खाता तुम्ही."

गुरांचं मावशींनी कानाआड केलं. मासळीपाशी मात्र थांबल्या. "मासळीचं खरं हाय," त्या म्हणाल्या, आणि गावात हाक द्यायला गेल्या.

माणसं आली, बांबू आले, दोर आले. नाव उचलून गावाच्या वरच्या अंगाला नेली. तिथं एक बंद पडलेलं गोदाम होतं, सिमेंटचा ओटा आणि वर पत्रे. आम्ही ओट्यावर ताडपत्री अंथरली, कडा विटांवर उचलल्या, म्हणजे पाणी बाहेर जायला नको. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन त्यात साधं पाणी भरलं. भगवान पाणी मारणार, मी पत्ती फिरवणार, दमलो की अदलाबदल. पत्तीचे कोपरे मी कानशीवर गोल करून घेतले होते, म्हणजे लाकडात रुतू नयेत. लोखंडाला चूक चालते, घासून सपाट होतं. लाकडाला पडलेला खड्डा तिथंच राहतो.

वैशाखाचं ऊन, वर पत्रे, तोंडाला मास्क, डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे. गाव बघायला जमलं. एकजण म्हणाला, "काय ऑपरेशन चाललंय का?" दुसऱ्याला वाटलं आतून काही तरी निघणार. तो रोज येऊन विचारायचा, "निघालं का काही?" निघत होते ते थर. तांबड्याच्या खाली निळा, त्याच्याखाली काळा, पुन्हा तांबडा.

भगवान म्हणाला, "नाव घासून राह्यलो का कांदा सोलून राह्यलो?" डोळ्यांतून पाणीही तसंच येत होतं.

मावशी ताकाचा तांब्या घेऊन आल्या. मी म्हटलं, "इथं न्हाई. आधी हापशावर हातपाय धुतो, कपडे बदलतो, मंग लांब बसून पितो."

मावशी हसल्या. "शेखाच्या घरचे तुम्ही, पण सोवळं आमच्या भटजीपेक्षा कडक हाय बघा तुमचं!"

सगळा खरवडा आम्ही जाड पिशव्यांत भरून तोंडं बांधली. मी ज्या कारखान्यात टाक्या रंगवतो तिथून घातक कचऱ्याची गाडी जाते. तिथल्या साहेबांना विनंती केली. आधी ते नको म्हणाले. मंग नाव, नदी, मासळी सगळं ऐकून त्यांनी पिशव्या घेतल्या.

बुडाचा तांबडा संपत आला आणि एका ठिकाणी पत्ती खणकन वाजली. लाकडावर ठोकलेला पत्र्याचा तुकडा. कडेनं उचकटलेला, खिळे गंजलेले. भगवाननं जरा उचलला तर हातातच आला. खाली डांबरात भिजलेलं काळं कापड, आणि कापडाखाली तळहाताएवढं भोक. आत हात घातला तर तो थेट नावेच्या पोटात गेला.

मावशी ओट्यावर खालीच बसल्या. त्यांना मी पहिल्यांदा तसं बसलेलं बघितलं. "फसवलं मला त्यानं," म्हणाल्या. "समुद्रावरच्या माणसानं फसवलं."

मंग त्यांनी होडी विकणाऱ्या त्या माणसाला फोन लावला. जनार्दन नाखवा त्याचं नाव. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मावशी आमच्या बोलीत तडातडा बोलल्या, तो त्याच्या बोलीत. एकमेकांचं अर्धंच कळत होतं. शेवटी नाखवा ओरडला, "अगो बाय, पत्रा काढलास कशाला? तुला बोललो होतो ना, बुडाला ठिगल हाय, हात लावू नको! आमच्या बापाशीनं मारलेलं ठिगल. खडकावर आपटली होती ती. कवापासून थेंब नाय आला!"

मावशींनी फोन खाली धरला. "ठिगल ठिगल म्हणत होता खरा. मला वाटलं कुणा माणसाचं नाव सांगतोय."

भगवान तोंड फिरवून खोकायला लागला. मीही मास्क वर केला, हसू लपवायला. मावशी आमच्याकडं बघत राहिल्या आणि मंग स्वतःच हसल्या. हसता हसता डोळे पुसले. पण भोक होतं तिथंच होतं, आणि ते आमच्या हातानं उघडं पडलेलं.

गावात एकनाथ सुतार होते. बैलगाड्या करणारे, आता जास्त करून दारं-खिडक्या. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. "मी गाडी करतो. गाडी पाण्यात घालत न्हाईत," म्हणाले. तरी गेले, जुन्या दाराची सागवानी फळी घेऊन आले, आणि कुजकं लाकूड कापून तिथं असा तुकडा बसवला की सांध्यात नख जाईना. सांध्यात भरायला कापूस लागतो असं नाखव्यानं फोनवर सांगितलं होतं. जालना जिल्ह्यात कापूस मागायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या घरातून पिशवीभर आला, तेलात आणि राळेत भिजवून एकनाथ सुतारांनी तो ठोकून बसवला.

मंग माझा भाग. पोलिस पेपर पाणी लावून फिरवला. पेंटरची पोरं पॉलिश पेपरला पोलिस पेपरच म्हणतात, आणि तो कामही पोलिसासारखंच करतो, सगळ्यांना सरळ. प्रायमर, फटी बुजवायला लांबी म्हणजे पुट्टी, पुन्हा घासणं, आणि वरून हिरवा. नदीत शिंपले चिकटत नाहीत, तेव्हा बुडाला जहराची गरज नव्हती. साधा ऑइलपेंट. दोन हात मारले. खोटं कशाला सांगू, ती नाव श्रावणातल्या शेतासारखी दिसत होती. मी तिचे फोटो काढून बायकोला पाठवले. तिचं उत्तर आलं, "डूबी तो घर मत आना."

नाव पाण्यात घालायच्या दिवशी सगळा गाव घाटावर. मावशींनी नावेला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. माणसांनी दोर धरून नाव पाण्यात ढकलली. तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंग आत पाणी दिसलं. आधी ओल, मंग ओघळ, मंग एका नाही सगळ्या फळ्यांच्या मधून. चारी बाजूंनी पाणी आत येत होतं. माणसं घमेली घेऊन धावली, उपसायला लागली. जितकं काढावं तितकं आत. नाव हळूहळू खाली गेली आणि कंबरभर पाण्यात बसली. नुसता काठ वर राहिला. टाळ्या वाजवणारे हात कुठं ठेवावेत ते लोकांना कळेना.

एकनाथ सुतार ओरडले, "माझा तुकडा बघा! थेंब न्हाई तिथं! हे ह्यांच्या घासण्यानं झालं."

मलाही तेच वाटत होतं. इतकी वर्षं मी लोखंड घासलं. लाकडाचा मला अंदाज काय? पत्ती खोल गेली असंल. फटीतला जुना माल मीच उकरून काढला असंल. बायांच्या घोळक्यातून एकजण म्हणाली, "आता पेरणीला पुलावरून," आणि ते माझ्या पाठीत बसलं. मावशी तर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नुसत्या बुडालेल्या नावेकडं बघत होत्या. कुणी जेवायला बोलावलं, मी गेलो नाही.

शेवटी भगवाननंच फोन लावला नाखव्याला. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

नाखव्यानं सगळं ऐकलं. विचारलं, "किती दिस उन्हात होती?"

भगवान म्हणाला, "आल्यापासून. आधी काठावर, मंग पत्र्याखाली."

तिकडून हसण्याचा आवाज. इतकं हसला, इतकं हसला की मावशींनी भगवानच्या हातातून फोन हिसकून घेतला. "माझी नाव बुडाली आन् तू हसून राह्यला?"

"बुडाली नाय गो बाय. पानी पितेय ती. लाकूड सुकलंय तुमच्या उन्हात, फल्या आखडल्या. राहू दे तशीच बुडलेली. पोट भरलं की फल्या फुगतील आनि एकमेकींना धरतील. आमी पन असंच करताव. उपसू नको, खेचू नको, निजू दे तिला."

मावशींनी फोन बंद केला. घमेली घेऊन उभ्या असलेल्या माणसांना म्हणाल्या, "घरी जा. नाव पाणी पिऊन राह्यली."

लोकांचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. माझाही बसला नव्हता. पण मी जालन्याला परत गेलो नाही. मावशींच्या ओसरीत आम्ही दोघं राहिलो. मी सकाळ-संध्याकाळ नदीवर जाऊन पाण्यात हात घालून फटी चाचपायचो. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा. पहिल्या दिवशी नख जात होतं. दुसऱ्या दिवशी जाईना. त्यानंतर फटींतून मी भरलेली लांबी शेवयांसारखी बाहेर आली. फळ्या फुगून तिला बाहेर ढकलत होत्या. मी ती शेवई चिमटीत धरून भगवानला दाखवायला पळत गेलो. धंद्यात माझी लांबी उखडल्याचा आनंद मला झाला तो तेवढाच.

मंग उपसलं. ह्यावेळी घमेल्यागणिक नाव वर येत गेली. रिकामी झाल्यावर सगळे वाकून बघत राहिले. तळाला ओल होती, धार नव्हती. एकनाथ सुतार माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मंग म्हणाले, "उस्मानभाई, तंबाखू खाता का?" मी खात नाही, पण त्या दिवशी खाल्ली.

माझं लक्ष मात्र रंगावर. प्रत्येक सांध्यावर हिरव्या रंगाला बारीक तडा गेलेला. "मावशी, दोन दिवस द्या. पुन्हा लांबी भरतो, एक हात मारतो."

"काही नगं." मावशींनी वल्हं उचललं. "आभाळ भरून आलंय. बाया कवाच्या थांबल्यात. बसा तुम्ही आधी."

"मी? मला पोहता येत न्हाई."

"म्हणून तर बसा. तुमच्या कामाचा तुम्हालाच भरोसा नसंल तर ह्या बाया कशाला बसतील?"

बायांचा घोळका माझ्याकडं बघत होता. बसलो. दोन्ही हातांनी फळी धरली आणि तळाकडं बघत राहिलो, पाणी येतंय का म्हणून. अर्धी नदी झाली तरी मान वर केली नाही. मावशी वल्हं मारता मारता म्हणाल्या, "वर बघा की! नदी वर हाय." मी वर बघितलं. दोन्ही काठ सारखेच लांब होते आणि मधे नुसतं पाणी. जालन्यात जन्म गेला, इतकं पाणी एका जागी बसून मी कधी बघितलं नव्हतं. फळीवरचा एक हात मी कधी सोडला ते कळलंही नाही.

पलीकडच्या काठावर एक म्हातारा दोन शेळ्या घेऊन वाट बघत उभा होता. नाव टेकते न टेकते तोच त्यानं शेळ्या आत ढकलल्या. नाव नवी आहे, रंग कोरा आहे, त्याच्या काही ध्यानात नव्हतं. एका शेळीचा पाय घसरला आणि खुरानं काठाच्या हिरव्यावर वीतभर लांब ओरखडा काढला. माझा हात आपोआप तिकडं गेला.

"उद्या एक हात मारून देतो," मी म्हणालो.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या, आणि शेळीला माझ्या पायाशी सरकवून नाव माघारी वळवली. "सरका जरा, उस्मानभाऊ. बाबांना बसू द्या."